बीफ कमी केले, तर त्याच्या जागी ताटात काय येणार?

प्रश्न: आम्ही मूळचे कोल्हापूरचे. लग्नानंतर अमेरिकेत आलो आणि आता टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. घरात मी, माझे पती, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. इथे आल्यावर आम्ही बीफ खाऊ लागलो. आठवड्याला चार पौंड तरी घरात येते, बहुतेक खिमा आणि बर्गरसाठी, कधीतरी स्टेक. मुलीला शाळेत हवामानबदलावर प्रकल्प होता. तेव्हापासून ती बीफला हात लावत नाही आणि वडील खात असले की ताट घेऊन उठून जाते. पतींचे म्हणणे असे, की आपण चौघांनी न खाल्ल्याने जगाला काही फरक पडत नाही. शिवाय आपण शेतकरी बाजारातून जवळच्या गोठ्यातले, कुरणात चरलेल्या गुरांचे मांस आणतो. मुलगी सध्या चीज आणि पनीरवर आहे. मी सुचवले, की बीफऐवजी सरळ आपले मटण आणावे, म्हणजे सगळ्यांचेच समाधान होईल. त्यातच गावाहून सासऱ्यांनी ‘एक किलो बीफला पंधरा हजार लिटर पाणी लागते’ असा संदेश पाठवला आणि खाली ‘आम्ही तेच सांगत होतो’ असे लिहिले. बीफ कमी खाल्ल्याने पर्यावरणाला खरोखर उपयोग होतो का? होत असेल तर किती, आणि आम्ही नेमके काय करावे?
एक वाचक, डॅलस

उत्तर: तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर ‘होय’ असे आहे. जेवणातला एकच पदार्थ कमी करून हवामानावरचा भार हलका करायचा असेल, तर तुमच्या घरात तो पदार्थ बीफच आहे, आणि याबाबत अभ्यासकांमध्ये फारसा मतभेद उरलेला नाही. मात्र उत्तराचा उरलेला अर्धा भाग बीफच्या जागी काय येते यावर ठरतो, आणि तुमच्या पत्रातले दोन पर्याय, म्हणजे मटण आणि चीज, नेमके तिथेच अडतात.

आधी कारण पाहू, कारण ते कळले की बाकीची बरीच उत्तरे आपोआप मिळतात. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी ही रवंथ करणारी जनावरे आहेत. त्यांच्या पोटाचा सर्वांत मोठा कप्पा, ज्याला पशुवैद्यक कोटीपोट म्हणतात, मोठ्या गाईत १०० लिटरहून अधिक मावेल एवढा असतो आणि त्यात असंख्य सूक्ष्मजीव गवतातला तंतुमय भाग आंबवत असतात. माणसाला न पचणाऱ्या गवताचे दूध आणि मांस होते ते त्यांच्यामुळेच. पण या आंबवण्यात हायड्रोजन सुटतो, काही सूक्ष्मजीव त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग घडवून मिथेन हा उष्णता धरून ठेवणारा वायू तयार करतात, आणि जनावर तो ढेकरांवाटे बाहेर टाकते. एक मोठी गाय वर्षाला साधारण ७० ते १२० किलो मिथेन सोडते. कोंबडीला असे पोट नसते. शिवाय मांसासाठी वाढवलेली कोंबडी सहा-सात आठवड्यांत तयार होते, तर मांसाचे वासरू दीड-दोन वर्षे खात असते, आणि त्या एका वासरासाठी त्याची आई वर्षभर पोसावी लागते. त्या आईच्या चाऱ्याचा आणि ढेकरांचा भारही शेवटी त्या मांसावरच येतो.

आता आकडे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेसेक यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली आणि शेतापासून दुकानापर्यंतच्या हरितगृह वायूंचा हिशेब कार्बन डायऑक्साइडच्या मापात मांडला. त्यात मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या एक किलो बीफमागे जागतिक सरासरी १०० किलोच्या आसपास येते, मेंढी-बकरीच्या मटणामागे ४०, चीजमागे २४, कोंबडीमागे १०, अंड्यांमागे पाचाच्या थोडे खाली, आणि कडधान्यांमागे एक ते दोन किलो. बीफच्या सरासरीत ब्राझीलसारख्या ठिकाणी जंगल तोडून केलेली कुरणेही धरलेली आहेत, म्हणून ती इतकी वर जाते. अमेरिकेतले बीफ त्या मानाने बरेच खाली आहे. तिथल्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१९ मध्ये काढलेला आकडा सोललेल्या धडाच्या एका किलोमागे सुमारे २१ किलो असा होता. हाडे आणि काढून टाकलेली चरबी वजा केली, की स्वयंपाकघरात येणाऱ्या एका किलोमागे तो ३० च्या पुढेमागे जातो. तेव्हा तुमच्या मुलीने शाळेत १०० चा आकडा पाहिला असेल, तर तो खोटा नाही. फक्त तो तुमच्या फ्रीजमधल्या मांसाचा नाही.

आठवड्याला चार पौंड म्हणजे वर्षाला ९४ किलोच्या आसपास, आणि त्याचा भार होतो पावणेतीन ते तीन टन. यातले निम्मे बीफ काढून त्या जागी डाळी, अंडी आणि थोडी कोंबडी आणली, तर नव्या पदार्थांचा भार वजा जाऊनही वर्षाला एक टनाहून अधिक वाचते. गाडीच्या टाकीत एक गॅलन पेट्रोल जळले की सुमारे ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या हिशेबाने ही बचत सव्वाशे गॅलन पेट्रोल न जाळण्याएवढी आहे. मला हा आकडा क्षुल्लक वाटत नाही. पण त्याच्या शेजारी दुसराही ठेवला पाहिजे, कारण तो लपवून दिलेला सल्ला प्रामाणिक ठरणार नाही: डॅलसहून मुंबईला विमानाने जाऊन परत येण्यात प्रत्येक प्रवाशामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चौघांची एक गावाकडची फेरी तुमच्या वर्षभराच्या बीफपेक्षा मोठी आहे. आईवडिलांना भेटायला जाऊ नका, असे मी कोणालाही सांगणार नाही. एवढेच, की बीफ कमी केले म्हणजे आपला वाटा संपला असे मुलीने समजू नये, आणि विमानाने जातोच म्हणून बीफचा विचार कशाला, असे तुमच्या पतींनीही म्हणू नये.

मिथेनची आणखी एक गोष्ट तुमच्या मुलीला सांगण्यासारखी आहे, कारण तिच्या वयाच्या मुलांना या विषयात हताश व्हायला फार वेळ लागत नाही. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो. मिथेन मात्र सुमारे १२ वर्षांत विघटित होतो. तेवढ्या काळात तो उष्णता भयंकर धरतो: २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ ८० पट, आणि १०० वर्षांच्या हिशेबात साधारण २७ पट. त्यामुळे आज गुरांची संख्या घटली, तर तिचा परिणाम नातवंडांच्या काळाची वाट पाहत नाही. मुलगी पंचविशीत येईपर्यंतच तो हवेत उतरलेला असतो. ‘गाईने खाल्लेल्या गवतातला कार्बन हवेतूनच आलेला असतो, तो पुन्हा हवेत गेला तर काय बिघडले,’ असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. बिघडते ते असे, की गवताने हवेतून घेताना तो कार्बन डायऑक्साइड होता आणि गाईने परत दिला तेव्हा तो मिथेन झाला.

जमिनीचा आणि पाण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना तो अगदी घराजवळचा आहे. ॲमेझॉनमध्ये तोडलेल्या जंगलाच्या बहुतांश जमिनीवर आज गुरांची कुरणे आहेत. शेतकरी बाजाराऐवजी कधी दुकानातून घेतलेले स्टेक बहुधा अमेरिकेतलेच असेल, पण दुकानातल्या खिम्याचे तसे नाही: अमेरिकी मांसात चरबी जास्त पडते, म्हणून त्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, ब्राझील अशा देशांतून आलेले कमी चरबीचे तुकडे मिसळून खिमा केला जातो, आणि बीफच्या वेष्टनावर मूळ देश छापण्याची सक्ती २०१५ च्या अखेरीस उठली. खिमा आधी कमी करा असे मी पुढे सांगणार आहे, त्याचे हे एक कारण. तुमच्या वायव्येला, अमॅरिलो आणि हेरेफर्डच्या परिसरात, देशातल्या सर्वांत मोठ्या फीडलॉटांची, म्हणजे गुरांना दाटीत ठेवून धान्यावर पोसणाऱ्या आवारांची, गर्दी आहे. त्या परिसरात गुरांसाठी पिकणाऱ्या मक्याला मोठ्या प्रमाणावर ओगलाला या भूजलसाठ्यातून पाणी दिले जाते. साउथ डकोटापासून टेक्सासपर्यंत आठ राज्यांखाली पसरलेल्या या साठ्यातले पाणी हजारो वर्षांपूर्वीचे आहे, आणि टेक्सासच्या बाजूला पाऊस त्याची भरपाई करू शकत नाही. पश्चिमेला कोलोराडो नदीची स्थिती अशीच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिच्या एकूण वापरापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी लसूणघास आणि इतर चारापिकांनाच जाते. त्यातला काही चारा दुधाळ गाईंना जातो, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

सासऱ्यांच्या संदेशातला पंधरा हजार लिटरचा आकडा खरा आहे. मेकोनेन आणि हूक्स्ट्रा या संशोधकांनी काढलेली जागतिक सरासरी किलोमागे १५,४१५ लिटर अशीच आहे. पण त्यातले ९० टक्क्यांहून अधिक पाणी म्हणजे कुरणांवर आणि चाऱ्याच्या शेतांवर पडलेला पाऊस, जो तिथे गाय नसती तरी पडलाच असता. पाण्याची चिंता करायची ती उपसलेल्या आणि अडवलेल्या पाण्याची, आणि ती प्रदेशाप्रमाणे बदलते. हा फरक समजून घेतला नाही, तर पुढे तांदूळ, साखर, कापूस सगळ्यांनाच अशा आकड्यांनी घाबरवता येते.

आता तुमच्या सूचनेकडे. मटण आणून सगळ्यांचे समाधान होईल, पण वातावरणाचे होणार नाही. शेळी आणि मेंढीही रवंथ करतात, त्यांच्याही कोटीपोटात मिथेन तयार होतो, आणि त्यांच्या एका किलो मांसामागची जागतिक सरासरी ४० किलो असल्याने ती तुमच्या अमेरिकी बीफच्या ३० पेक्षा वरच आहे. अमेरिकेत मिळणारे बकऱ्याचे आणि मेंढीचे बरेचसे मांस ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून येते. तिथल्या उत्तम कुरणांमुळे हा आकडा खाली येतो, कधी बीफच्याही खाली, तरी कोंबडीच्या तो वरच राहतो. कोल्हापूरच्या माणसाला तांबडा-पांढरा रस्सा सोडा असे सांगण्याचे माझ्या मनात नाही. सणाला, पाहुणे आल्यावर, रविवारी कधी मटण जरूर करा. आठवड्याच्या चार पौंड बीफच्या जागी चार पौंड मटण आणले, तर मात्र चव बदलेल आणि हिशेब जवळपास होता तिथेच राहील.

चीजचे गणित थोडे अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि ते मुलीशी बोलताना काळजीपूर्वक मांडावे लागेल. एक किलो चीज करायला साधारण दहा लिटर दूध लागते, पनीरला गाईचे सहा-सात लिटर. ते दूध देणारी गायही रवंथ करते. अमेरिकेतली गाय वर्षाला सरासरी दहा हजार लिटरहून अधिक दूध देते, त्यामुळे लिटरमागचा भार तिथे जगातल्या बहुतेक ठिकाणांपेक्षा कमी आहे आणि पनीर बीफपेक्षा निश्चितच हलके ठरते. पण १०० ग्रॅम प्रथिनांमागे किती वायू निघतो हे पाहिले, तर जागतिक सरासरीत बीफ सुमारे ५० किलो, चीज ११, कोंबडी सहाच्या जवळ, अंडी चार आणि डाळी एकाच्या आसपास बसतात. म्हणजे तुमची मुलगी ज्या चीज पिझ्झावर निर्धाराने दिवस काढते आहे, तो वडिलांनी ग्रिल केलेल्या कोंबडीपेक्षा पृथ्वीला महाग पडतो. हे तिला वादात हरवण्यासाठी सांगू नका. तिने बीफ सोडून जे वाचवले ते मोठे आहे, आणि त्याची दखल आधी घेतली गेली तरच ती पुढचे ऐकेल. एवढे सांगा, की दुधाचे पदार्थ बीफ आणि डाळ यांच्या मधल्या पायरीवर आहेत, आणि रोजच्या जेवणाचा आधार त्यांच्यावर ठेवण्यासारखा नाही.

कोंबडीबद्दलही एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. हवामानाच्या हिशेबात ती बीफपेक्षा फार सरस आहे. पण एका बैलातून दोनशे किलोहून अधिक मांस मिळते आणि एका कोंबडीतून दीड-दोन किलो. तेवढेच मांस कोंबडीतून मिळवायचे तर शंभराहून अधिक जीव लागतात, आणि त्यांतले बहुतेक अतिशय दाटीत वाढतात. तुमची मुलगी विचार करणारी आहे, ती हा प्रश्न आज ना उद्या विचारेल. म्हणून बीफच्या जागी कोंबडी हा माझा पहिला सल्ला नाही. कडधान्ये आणि अंडी आधी, कोंबडी त्यानंतर.

आता पतींच्या म्हणण्याकडे वळतो. ते तीन वेगवेगळे मुद्दे एकत्र मांडत आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. जवळच्या गोठ्यातून आणल्याने फरक पडतो का? फार थोडा. कार्नेगी मेलन विद्यापीठातले ख्रिस्तोफर वेबर आणि स्कॉट मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये अमेरिकी घराच्या अन्नाचा हिशेब केला, तेव्हा सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्के निघाला, आणि त्यातही शेतकऱ्याकडून दुकानापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाचा फक्त ४ टक्के. आठवड्यातला एक दिवससुद्धा पुरता न बदलता, त्याहून कमी जेवणांत तांबडे मांस आणि दूधदुभते वगळून कोंबडी, मासे, अंडी किंवा भाज्या खाल्ल्या, तर सगळे अन्न स्थानिक घेण्यापेक्षा अधिक फायदा होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. शेतकरी बाजारात जाण्याची दुसरी चांगली कारणे आहेत. शेतकऱ्याच्या हातात पैसा अधिक पडतो, मांस कुठून आले ते कळते. हवामान हे त्यांतले कारण नव्हे.

कुरणात चरलेल्या गुरांचा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि त्यामागची भावना मला पटते. उघड्यावर चरणाऱ्या जनावराचे आयुष्य फीडलॉटमधल्या जनावरापेक्षा चांगले असते, प्रतिजैविके कमी लागतात, आणि नीट राखलेले कुरण मातीत काही कार्बन साठवते. परंतु गवतावर वाढणारे जनावर सावकाश वाढते, म्हणून अधिक महिने जगते आणि अधिक मिथेन सोडते. मातीतली साठवण काही वर्षांनी थांबते, कारण माती किती कार्बन धरू शकते याला मर्यादा आहे. आणि जमीन तर खूपच जास्त लागते. जॉर्जियातल्या एका नामांकित कुरणशेतीच्या २०२० मधल्या अभ्यासात मातीने बराच कार्बन धरलेला आढळला, पण तेवढ्याच मांसासाठी अडीचपट जमीन लागली होती. म्हणजे चांगले कुरण आणि कमी मांस ही जोडी जमते. चांगले कुरण आणि आज आहे तेवढेच मांस ही जमत नाही. तुमचे पती कुरणातलेच मांस आणत राहिले आणि त्याचे प्रमाण निम्मे केले, तर त्या महागड्या मांसाचा खर्चही निम्मा होईल.

‘आपण चौघांनी काय होणार’ हा तिसरा मुद्दा. अर्थशास्त्राच्या भाषेत, तुम्ही एक किलो कमी घेतल्याने उत्पादन पूर्ण एक किलोने घटत नाही, कारण मागणी घटली की किंमत किंचित उतरते आणि दुसरा कोणी थोडे अधिक घेतो. पण ते घटते. अमेरिकेत १९७६ मध्ये माणशी बीफचा वार्षिक खप ९० पौंडांहून अधिक होता, आज तो ६० पौंडांच्या आसपास आहे, आणि हे कोणत्याही कायद्याने झालेले नाही. लाखो घरांनी किंमत, आरोग्य आणि सोय पाहून कोंबडीकडे वळत केलेली ती घट आहे. देशातल्या गुरांची संख्या १९७५ मध्ये १३ कोटींच्या वर होती. २०२५ च्या सुरुवातीला ती ८ कोटी ६७ लाखांवर आली. त्यात अलीकडच्या दुष्काळाचा मोठा वाटा आहे, आणि जनावरे अधिक वजनदार झाल्याने मांसाचे उत्पादन त्या प्रमाणात घटलेले नाही, हे खरे. पण ढेकर देणारी जनावरे कमी झाली, हेही तितकेच खरे. शिवाय बीफ सगळे सारखे खात नाहीत. २०२३ मधल्या टुलेन विद्यापीठाच्या संशोधनात आढळले, की कोणत्याही एका दिवशी खाल्ल्या गेलेल्या बीफपैकी निम्मे केवळ १२ टक्के लोकांनी खाल्लेले असते. आठवड्याला चार पौंड आणणारे घर अमेरिकी सरासरीच्या जवळपास आहे. त्यामुळे तुम्ही या १२ टक्क्यांत कायमचे असाल असे मला वाटत नाही, पण बर्गरच्या दिवशी तुमचे पती त्यांत सहज असतील.

सगळा भार घरांवर टाकणेही अन्यायाचे आहे. ब्राझीलने २००४ ते २०१२ या काळात ॲमेझॉनमधली वार्षिक जंगलतोड सुमारे २७,७०० चौरस किलोमीटरवरून ४,६०० पर्यंत खाली आणली, ती उपग्रहांची नजर, दंड आणि कर्जाच्या अटी यांच्या जोरावर. लोकांनी बीफ सोडल्यामुळे नव्हे. डेन्मार्कने पशुपालनातल्या वायूंवर २०३० पासून कर लावायचे ठरवले आहे. चाऱ्यात मिसळून मिथेन सुमारे ३० टक्क्यांनी कमी करणारे एक औषधी द्रव्य अमेरिकेत २०२४ मध्ये दुधाळ गाईंसाठी मान्य झाले. मात्र ते रोज चाऱ्यातून द्यावे लागते, आणि मांसाची गुरे आयुष्याचा मोठा भाग कुरणात काढत असल्याने तिथे ते पोचवणे अवघड आहे. या गोष्टी व्हायलाच हव्यात. त्या होईपर्यंत घराने थांबावे असे मात्र त्यातून निघत नाही.

सासऱ्यांच्या ‘आम्ही तेच सांगत होतो’ या वाक्याबद्दल मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. गोवंशाबद्दलची त्यांची श्रद्धा ही त्यांची श्रद्धा आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण मिथेन गाय जगत असताना सोडते, कापताना नव्हे. न कापलेला बैलही रवंथ करतो, दूध देणारी म्हैसही करते. भारतात बीफ अगदी थोडे खाल्ले जात असूनही २०१९ च्या पशुगणनेत १९ कोटींहून अधिक गाईबैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी नोंदल्या गेल्या, आणि गुरांच्या ढेकरांतून निघणाऱ्या मिथेनमध्ये आपला देश जगात अगदी पुढे आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू कापण्यावरही बंदी आहे. त्या कायद्याचे समर्थन किंवा विरोध ज्याला जसा करायचा तसा त्याने करावा, परंतु हवामानाचे कारण त्याला जोडू नये, कारण ते तिथे लागू पडत नाही. आणि ज्या घरांत बीफ किंवा म्हशीचे मांस हे परवडणारे प्रथिन म्हणून थोडेसे येते, त्यांना डॅलसच्या घराचा हिशेब लावणे मला अनुचित वाटते. हा सल्ला जास्त खाणाऱ्यांसाठी आहे. पर्यावरणाच्या नावाने कोणाच्या ताटाची हेटाळणी होऊ लागली, की ऐकणारा माणूस पर्यावरणाचेही ऐकेनासा होतो.

प्रत्यक्ष घरात काय करावे, तर सुरुवात खिम्यापासून करावी. तुमचे बहुतेक बीफ खिम्याच्या रूपात येते आणि खिम्याच्या चवीत मांसापेक्षा कांदा, आले-लसूण, गरम मसाला आणि परतण्याचा वाटा मोठा असतो. एक पौंड खिम्यातला निम्मा कमी करून त्या जागी अख्खा मसूर घाला. मसूर आधी मऊ पण न फुटणारा असा शिजवून, पाणी निथळून घ्या. खिमा कांदालसूण मसाल्यावर कोरडा होईपर्यंत परतून झाला की मसूर त्यात टाका आणि झाकण न ठेवता आणखी दहा मिनिटे परता, म्हणजे मसूर रस शोषतो आणि लगदा होत नाही. पावाबरोबर खाताना मुलाला बहुधा वेगळे काही जाणवणार नाही. महिन्याभराने मसुराचे प्रमाण वाढवा. आठवड्यातला एक दिवस, खिमा मुळीच न आणता, कोल्हापूर-इस्लामपूरच्या ढाब्यांवर मिळतो तसा नुसता अख्खा मसूर करा, एक दिवस अंड्याचा रस्सा, एक दिवस मिसळ. स्टेक आणि ब्रिस्केट (गुराच्या छातीचे मांस) पतींकडे राहू द्या. चार जुलैला शेजाऱ्यांबरोबर तासन् तास धुरावर भाजलेली ब्रिस्केट हा त्यांच्या आनंदाचा भाग आहे. वर्षातून अशा काही दिवसांनी चार पौंडांचा हिशेब बिघडत नाही. तो बिघडतो दर मंगळवारी केवळ सवयीने तव्यावर पडणाऱ्या खिम्याने. आणि जे आणाल ते संपवा. अर्धा बर्गर कचऱ्यात गेला, तर त्यामागचा सगळा चारा, पाणी आणि मिथेन वाया गेलेला असतो.

मुलीने ताट घेऊन उठून जाणे थांबले पाहिजे, पण तिला गप्प करून नव्हे. पतींना सांगा, की तिच्याशी वाद घालण्याऐवजी तिला एक काम द्यावे: महिन्यातले एक रविवारचे जेवण तिने ठरवावे आणि दोघांनी मिळून करावे. वरचे आकडे तिच्यापुढे ठेवा आणि आठवड्याच्या खरेदीचा हिशेब तिलाच मांडू द्या, चीजसकट. वडिलांनी चार पौंडांचे दोन पौंड करायचे कबूल केले, तर त्यांच्या उरलेल्या दोन पौंडांवर तिने बोलू नये, एवढा करार पुरे आहे. तेरा वर्षांच्या मुलीला वडील आपले म्हणणे गंभीरपणे घेतात हे दिसले, तर पुष्कळ कडवटपणा तिथेच निवळतो.

एका बाबतीत मात्र तिच्या निर्णयावर लक्ष ठेवा. या वयात, पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये लोह कमी पडण्याचा धोका असतो, आणि बीफमधले लोह शरीरात सहज शोषले जाते, तर डाळी-पालेभाज्यांमधले कमी शोषले जाते. डाळीवर लिंबू पिळणे, जेवणात टोमॅटो किंवा कच्ची ढोबळी मिरची असणे, आणि जेवणाबरोबर चहा न घेणे यांनी हे शोषण बरेच सुधारते. ब-१२ जीवनसत्त्व अंडी आणि दुधातून मिळेल. चीज-पनीरमध्ये लोह जवळजवळ नसते, म्हणून तिचा सध्याचा आहार या दृष्टीने अपुरा आहे. पुढच्या तपासणीच्या वेळी तिचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी) पाहून घ्या, आणि कमी निघाले तर गोळ्या स्वतः सुरू न करता तिच्या डॉक्टरांना विचारा.